आईच्या पोटातल्या २४ रिंगा

"किती दिवसांनी जातासा ते सांगितलासा मावशी, पण खाल्लेलं बाहेर यायला किती वेळ लागतोय, ते कधी कुणी मोजलंय का?"

डॉक्टरांनी असं विचारलं आणि आई माझ्याकडं बघायला लागली, मी आईकडं. १४ वर्षं झाली तिला बद्धकोष्ठाचा, म्हणजे पोट साफ न होण्याचा, त्रास आहे, आणि १४ वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, आमच्याही डोक्यात कधी आला नव्हता. घरात रोज सकाळी एकच विचारायचो, झालं का पोट साफ? ती हो म्हणाली की बरं वाटायचं, नाही म्हणाली की सगळ्यांची तोंडं उतरायची, आणि मग कुणीतरी नवीन काहीतरी सुचवायचं.

या विषयावर लिहू का नको असं लई दिवस चाललं होतं. परसाकडच्या गोष्टी आपल्याकडं कोण चारचौघांत बोलत नाही, आणि त्यात आईचं. पण तिलाच विचारलं, तर ती म्हणाली, "लिही की, नाव नको घालूस माझं, पण लिही, माझ्यासारख्या बायका लई हायत." म्हणून लिहितोय.

आई मूळची भुदरगडकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आली ती मंगळवार पेठेत, आता वय ६७. त्रास सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा इसबगोल, मग गरम पाण्यात तूप, रात्री भिजवलेल्या मनुका, त्रिफळा, महिन्यातनं एकदा एरंडेल, मग गोळ्या, मग डबल गोळ्या, आणि शेवटी शेवटी तर एनिमा. पहाटे साडेचारला उठायची, म्हणजे बाकीच्यांना बाथरूम लागायच्या आत तिचा तास-सव्वातास होऊन जाईल. आम्ही झोपलेलो असायचो त्यामुळं कळायचंच नाही की बाई आत किती वेळ कुंथत बसलीय. हळूहळू तिनं मुक्कामाला जाणं बंद केलं. भाच्याचं लग्न निपाणीला होतं, सकाळी गेली आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत आली, कारण दुसऱ्याच्या घरात सकाळी तासभर संडास अडवून बसायचं कसं. चैत्रात जोतिबाला जायची ती पण थांबली. आणि आम्ही काय समजत होतो, तर वयानं कंटाळा करत असेल.

एका दवाखान्यात आम्ही चार-पाच वर्षं जात होतो. तिथं दर वेळी बाटली मोठी व्हायची एवढंच. शेवटच्या वेळी तिला सांगितलं की आता वय झालंय, असंच चालायचं. त्या दिवशी रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. मला ते अजून लागतंय, कारण मी पण तिथं खुर्चीत बसलेलो होतो आणि मान हलवली होती.

मी उद्यमनगरात एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बोअर म्हणजे जॉबला, म्हणजे आपण बनवतोय त्या भागाला, पाडलेलं गोल भोक, ते तपासायला प्लग गेज असतंय, त्याचं एक टोक गो आणि दुसरं नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये, जॉब पास. लई झटपट काम होतंय. पण बोअर मधेच फुगलाय का, तळाला टेपर आलाय का, ते गेज सांगत नाही, त्याला बोअर डायल घालून वरनं खालपर्यंत रीडिंग घ्यावं लागतंय. रिजेक्शन वाढलं की आम्ही पहिलं हेच करतो, चूक कुठल्या उंचीवर येतीय ते बघतो. शॉपमध्ये १९ वर्षं हे करणारा माणूस मी, आणि घरात आईला १४ वर्षं नुसतं गो, नो-गो विचारत होतो.

तर आता ते मोजायचं कसं, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि नंतर मी स्वतः लई वाचलं, त्यामुळं थोडं सविस्तर सांगतो.

आपण जेवलो की अन्न जठरात साधारण २ ते ५ तास असतंय, पुढं लहान आतड्यात अजून २ ते ६ तास. म्हणजे सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत, फार तर रात्रीपर्यंत मोठ्या आतड्याच्या दारात येऊन उभं राहतंय. खरा वेळ पुढं जातोय. मोठं आतडं जेमतेम दीड मीटर लांब, लहान आतड्यापेक्षा कितीतरी आखूड, पण तिथं माल दिवस-दीड दिवस आणि कधी कधी तीन दिवस पण राहतोय. कारण तिथं घाई नसतेच. दिवसाला सुमारे दीड लिटर पातळ माल तिथं उतरतोय आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी शोषून घेऊन १०० ते २०० मिली एवढंच शौचाबरोबर बाहेर जातंय. जितका जास्त वेळ आत, तितकं जास्त पाणी ओढलं जाणार, तितका खडा घट्ट होणार, आणि घट्ट झाला की अजून हळू. हे चक्र एकदा समजलं की बाकी बरंच समजतंय.

आणि हे आतडं पाइपासारखं सरळ ढकलत नाही. बहुतेक वेळ ते नुसतं घुसळत असतंय, थोडं पुढं, थोडं मागं, जागच्या जागी. दिवसातनं थोड्याच वेळा एक मोठी लाट येते आणि माल लांबवर सरकवते, आणि ही लाट जास्त करून झोपेतनं उठल्यावर आणि जेवल्यावर येते. सकाळी चहा-नाष्टा झाला की ज्यांना लगेच जावं लागतंय त्यांना हे कुणी शिकवायला नको. आई मात्र पहाटे साडेचारला, पोटात काही नसताना, ती लाट यायच्या आधीच जाऊन बसायची. लोकांना अडचण नको म्हणून.

मोजायची पद्धत ऐकून मी चकित झालो, इतकी साधी आहे. एक कॅप्सूल असते, तिच्यात २४ बारीक रिंगा. एक्स-रेमध्ये दिसतील अशा मटेरियलच्या, पचत नाहीत, विरघळत नाहीत, नुसत्या अन्नाबरोबर वाहत जातात. कॅप्सूल गिळायची, आणि पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढून राहिलेल्या रिंगा मोजायच्या. ५ किंवा कमी राहिल्या तर वेग ठीक. जास्त राहिल्या तर हळू. आणि नुसत्या किती राहिल्या एवढंच नाही, कुठं राहिल्या ते बघायचं. सगळ्या आतड्यात विखुरलेल्या दिसल्या तर आतड्याचं ढकलणंच मंद आहे असं समजायचं. सगळ्या खाली ओटीपोटात, गुदाशयाच्या आसपास गोळा झालेल्या दिसल्या तर वरचं बरं चाललंय आणि दारात अडकतंय अशी शंका घ्यायची.

ही कल्पना १९६९ सालची, लंडनच्या हिंटन, लेनर्ड-जोन्स आणि यंग या तिघांची. त्या वेळी ते एक्स-रे पोटाचा नाही, शौचाचा काढायचे. म्हणजे माणसानं रोजचं पिशवीत गोळा करून द्यायचं आणि त्यात आधी गिळलेले, एक्स-रेत दिसणारे तुकडे किती आले ते फिल्मवर मोजायचे. निरोगी माणसांमध्ये पहिला तुकडा तीन दिवसांच्या आत आणि ८० टक्के तुकडे पाच दिवसांच्या आत बाहेर पडले. आजसुद्धा पाचवा दिवस आणि ८० टक्के हाच हिशोब चालू आहे, तो तिथनं आलाय. कुणीतरी कधीतरी बसून हे किळस न करता मोजलंय म्हणून आज माझ्या आईला उत्तर मिळालं, हे मला फार मोठं वाटतंय.

पण त्याच्या आधी डॉक्टरांनी दुसऱ्या गोष्टी बघितल्या आणि हे नीट वाचा, कारण हे पहिलं येतंय. थायरॉइड, शुगर, कॅल्शियमसाठी रक्त तपासलं. चालू असलेली सगळी औषधं विचारली, कारण लोहाच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, अफूच्या जातीची दुखण्याची औषधं ही सगळी आतडं मंद करतात. आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतनं तपासणी, केली, ती स्वच्छ आली. शौचातनं रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, अशक्तपणा येऊन हिमोग्लोबिन कमी झालं असेल, किंवा उतारवयात अचानक सवय बदलली असेल तर रिंगा बिंगा नंतर, आधी दुर्बिणीतनं बघून घ्यायचं.

आईनं कॅप्सूल गिळली ती रविवारी सकाळी ८ वाजता. सांगितलं होतं की या दिवसांत पोट साफ व्हायचं कुठलंच औषध घ्यायचं नाही, एरंडेल नाही, एनिमा नाही, जेवण मात्र रोजचं ठेवायचं. ते पाच दिवस आमच्या घरात सगळ्यात अवघड गेले. बुधवारी रात्री ती पोट धरून बसली होती आणि मी म्हटलं सोडून देऊया, घे गोळी. तर तीच म्हणाली, "इतकी वर्सं काढली, दोन दिस काय हुतंय, बघू तरी त्या रिंगा कुठं बसल्यात." आणि मधेच तिनं विचारलं, त्या रिंगा परत द्याव्या लागतात का दवाखान्यात. नाही म्हटल्यावर तिला जरा हलकं वाटलं.

त्या पाच दिवसांत मला पण चैन पडेना, म्हणून मी माझं मोजलं. रंकाळ्यावर संध्याकाळी कणीस खाल्लं, भाजलेलं, तिखट-मीठ-लिंबू लावून. मक्याच्या दाण्याचं साल पचत नाही, ते तसंच बाहेर येतंय, म्हणून ही घरगुती चाचणी चालते. आधीचे आठ दिवस मका खायचा नाही, मग एकदाच खायचा आणि वेळ लिहून ठेवायची. मी सोमवारी संध्याकाळी साडेसातला खाल्लं. पहिलं साल दिसलं बुधवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे ३५ तासांनी. पण शेवटचं दिसलं शुक्रवारी सकाळी! मला वाटत होतं की एका वेळचं जेवण एका वेळी बाहेर पडत असेल, रांगेत, आधी आलेला आधी. तसं नसतंय. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला एकाच एस्टीतनं उतरलेली माणसं बघा, कोण मुखदर्शन घेऊन तासात बाहेर, कोण मोठ्या रांगेत चार तास, कोण मधेच ओळखीचं भेटलं म्हणून थांबलेलं. आतड्यातल्या घुसळण्यामुळं तसंच होतंय. म्हणून एक दाणा बघून वेळ काढणं कच्चं काम आहे, आणि म्हणूनच रिंगा २४ असतात, एक नाही.

बीटची कोशिंबीर खाऊन पण लोक बघतात. रंग येतोय, पण बीटचा रंग प्रत्येकाच्या पोटात सारखा टिकत नाही, काहींचा वाटेतच उडून जातोय, त्यामुळं मला ते भरवशाचं वाटलं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी दुसरी युक्ती केली, त्यांनी निळा खायचा रंग घातलेले मफिन लोकांना खायला दिले आणि निळं पहिल्यांदा कधी दिसलं ते लिहायला सांगितलं. २०२१ मध्ये त्यांनी ८६३ निरोगी माणसांचे आकडे छापले, मधला आकडा आला २८.७ तास. त्यांना त्यातनं असं दिसलं की पोटातले जिवाणू कसे आहेत त्याचा अंदाज करायला हा वेळ जास्त उपयोगी पडतोय, आठवड्यातनं किती वेळा जाता या आकड्यापेक्षा जास्त. ते पटण्यासारखं आहे, कारण माल जास्त वेळ आत राहिला की जिवाणूंना आधी पिठूळ, तंतूचं खाणं मिळतंय, ते संपलं की ते प्रथिनांवर जातात आणि तयार होणारे पदार्थ बदलतात.

आणि ज्यांना काहीच गिळायचं नाही त्यांच्यासाठी नुसता आकार आहे. ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन यांनी १९९७ मध्ये ६६ लोकांवर तपासलं होतं. सोनामुखी देऊन वेग वाढवला, लोपेरामाइड देऊन कमी केला, आणि शौच कसं दिसतंय ते सात प्रकारांत लिहायला लावलं. १ म्हणजे सुट्या सुट्या कडक लेंड्या, ७ म्हणजे पाणीच. वेग बदलला की प्रकार बदलतोय हे त्यांना स्वच्छ दिसलं. ३ आणि ४ चांगले धरतात. म्हणजे रोज जाणाऱ्या माणसाला पण पहिल्या प्रकारचं, कडक लेंड्यांचं होत असेल तर त्याचं आत लई दिवस पडून आहे, त्याला वाटतंय मी रोज जातोय म्हणजे सगळं ठीक. ही गोष्ट मी शॉपमध्ये डबा खाताना सांगितली नाही, पण नंतर दोघं-तिघं स्वतःहून बाजूला येऊन विचारून गेले.

आता मला जे सगळ्यात आवडलं ते सांगतो, थोडं गणित आहे पण सोपं आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी रिंगांची पद्धत सुधारली. रोज एकाच वेळी २४ रिंगा, सलग तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी त्याच वेळी एक एक्स-रे. फिल्मवर जितक्या रिंगा दिसतील तितके तास! ३० रिंगा दिसल्या तर मोठ्या आतड्यातला वेळ ३० तास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं असं कसं, आणि मग एकदम ट्यूब पेटली, हे तर आमच्या शॉपचंच गणित आहे. समजा शॉपमध्ये तासाला एक कास्टिंग आत येतंय आणि तासाला एक तयार होऊन बाहेर जातंय, आणि कुठल्याही वेळी आत मोजले तर ३० जॉब पडलेले दिसतात, तर प्रत्येक जॉब सरासरी ३० तास शॉपमध्ये आहे. दुसरं काही असूच शकत नाही. दिवसाला २४ रिंगा म्हणजे तासाला एक. म्हणून आत पडलेला माल मोजला की वेळ निघतोय, कुणाच्याही मागं घड्याळ घेऊन पळायला नको. अट एकच, ७२ च्या ७२ आत दिसल्या तर वेळ ७२ पेक्षा जास्त एवढंच म्हणता येतंय, मग पुढं सातव्या दिवशी परत फिल्म.

त्यांनी फिल्मवर तीन भाग पण पाडले, पाठीच्या कण्याच्या उजवीकडचं, डावीकडचं आणि खाली ओटीपोटातलं, आणि प्रत्येकात वेगळं मोजलं. निरोगी माणसांत एकूण सुमारे ३५ तास आले, आणि तिन्ही भागांत जवळजवळ सारखे, ११-१२ तास प्रत्येकी. पुरुषांचे सुमारे ३१, बायकांचे सुमारे ३९. म्हणजे बायकांचं मुळातच जरा हळू असतंय, हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग इतके दिस मलाच का बोलत हुता?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आपल्याकडच्या लोकांचं आतडं मात्र त्यांच्यापेक्षा पळतंय. लखनौच्या संजय गांधी पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी हे बघितलं की पाश्चात्त्य पद्धतीनं चौथ्या-पाचव्या दिवशी फिल्म काढली तर बऱ्याच भारतीय माणसांत काही शिल्लकच दिसणार नाही. म्हणून त्यांनी वेगळी पद्धत बसवली, १२-१२ तासांनी तीनदा २०-२० मार्कर, म्हणजे रिंगांसारखेच एक्स-रेत दिसणारे तुकडे, आणि ३६ व ६० तासांनी फिल्म. आमच्या डॉक्टरांनी आईला साधी पाच दिवसांचीच दिली, कारण तिचा त्रास इतका जुना होता. पण मला हे फार महत्त्वाचं वाटलं, गेज बाहेरनं आणलं म्हणून टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालतोय ते, पण बाहेरचाच धरायचा असं नसतंय, आपला माल बघून ठरवावा लागतोय.

आपलं का पळतंय, तर जेवण. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं होते, त्यांनी वॉकर आणि पेंटर यांच्याबरोबर १९७२ मध्ये आकडे छापले. खेड्यातल्या आफ्रिकन लोकांचा वेळ दीड दिवसाच्या आसपास आणि ब्रिटिश खलाशांचा तीन दिवसांच्या वर. कोंड्यासकट धान्य, शेंगा, कंद खाणारे एकीकडं आणि पांढरा ब्रेड खाणारे दुसरीकडं. आमच्या आजीच्या काळात घरात तिन्ही त्रिकाळ जोंधळ्याची भाकरी, मेथी, अंबाडी, हुलग्याचं माडगं. आता आमच्याच घरात सकाळी मिसळीबरोबर पाव, संध्याकाळी पोरांना काहीतरी मैद्याचं, आणि रविवारी तांबडा-पांढरा, त्यात भाकरीऐवजी चपाती मागणारे वाढलेत. शेव-फरसाण काढून मटकी जास्त घेतली तर मिसळ पण तशी वाईट नाही, पाव दोनाच्या वर जायला नको एवढंच माझं मत.

पण इथंच गंमत आहे आणि इथंच आमची चूक झाली होती. आई भाकरीच खायची! सगळे सांगायचे कोंडा खा, भाजी खा, पाणी पी, आणि ती बिचारी सगळं करून वर अपराधी वाटून घ्यायची की अजून आपलंच काहीतरी कमी पडतंय.

शुक्रवारी सकाळी फिल्म काढली. डॉक्टरांनी ती लाइटवर लावली आणि आम्हाला जवळ बोलावलं. बरगड्या, कणा, आणि खाली पांढऱ्या बारीक रिंगा. मी सवयीनं मोजायला लागलो. १० होत्या. उजवीकडं एक पण नाही, डावीकडं एक पण नाही. दहाच्या दहा खाली ओटीपोटात, एकमेकींना चिकटून, एखाद्या दाराशी गर्दी करून उभी राहिल्यासारख्या. १४ वर्षं आम्ही वरनं ढकलत होतो, औषधं घालून, तेल घालून, आणि दार खाली लागलेलं होतं.

डॉक्टर घाई करून काही बोलले नाहीत. ते म्हणाले, फिल्म ही शंका आहे, पुरावा नाही, कारण खाली तुंबलं की कधी कधी वरचं पण मंद होतंय आणि दोन्ही एकत्र असू शकतंय. त्यासाठी मॅनोमेट्री करायला आम्ही पुण्याला गेलो. गुदद्वाराच्या आत एक बारीक नळी घालून दाब मोजतात. आणि एक फुग्याची चाचणी, ५० मिली पाणी भरलेला फुगा आत ठेवतात आणि तो बाहेर टाकायला किती वेळ लागतोय ते घड्याळावर बघतात. बहुतेकांना मिनिटभरात जमतंय. आईला पाच मिनिटं देऊन पण जमलं नाही. पडद्यावरच्या आलेखात दिसलं की ती जोर लावते तेव्हा खालचा स्नायू सैल पडायच्या जागी आवळून धरतोय. तिला हे माहीतच नव्हतं, कुणालाच कळणार नाही, ते आतलं आहे.

यावर गोळी नसते, शिकवणी असते. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. तीच नळी, तोच पडदा, आणि समोर बसलेल्या बाई सांगतात की आता पोटातनं जोर, आता खालचं सोडा, आणि आपण बरोबर केलं की पडद्यावरची रेघ खाली येताना दिसते. स्नायूला डोळे दिल्यासारखं आहे ते. आई ६७ वर्षांची, स्मार्टफोन लावत नाही, पण ती रेघ तिला दोन वेळेतच कळली. सहा वेळा पुण्याला जाऊन आलो. घरी कमोडपुढं पाय ठेवायला लाकडी पाट करून घेतला म्हणजे गुडघे वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखं होतंय. आणि पहाटे साडेचारचं उठणं बंद, आता चहा-भाकरी झाली की अर्ध्या तासात जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केलंय, माझ्या धाकट्याची शाळेची घाई असली तरी.

सगळं एकदम सरळ झालं असं नाही. एक चमचा इसबगोल अजून चालू आहे, आणि मधे एका आठवड्यात परत जुनं चालू झालं होतं तेव्हा ती रडली पण होती. पण सव्वातासाचे आता १० ते १५ मिनिटं झालीत, एनिमाचं सामान माळ्यावर गेलंय.

गेल्या महिन्यात ती गारगोटीला मावशीकडं गेली आणि दोन रात्री राहिली. किती वर्षांनी, मला आठवत पण नाही. तिसऱ्या दिवशी आणायला गेलो तर दोघी परड्यात बसलेल्या आणि आई काटकीनं मातीत आतड्याचं चित्र काढून मावशीला सांगत होती, ही उजवी बाजू, ही डावी, आणि माझ्या दहाच्या दहा हितं खाली हुत्या बघ. दवाखान्यात पहिल्यांदा तोंडावर पदर धरून बसलेली बाई ती हीच. मावशीला पण दहा-बारा वर्षं हाच त्रास आहे, आजपर्यंत बहिणी-बहिणी एकमेकींना बोलल्या नव्हत्या.

मावशी पुढच्या मंगळवारी येतीय, दुपारच्या एस्टीनं. डॉक्टरांची वेळ बुधवारची घेतलीय. आणि मंगळवारी संध्याकाळी दोघींनी रंकाळ्यावर जाऊन कणीस खायचं असं ठरलंय, वेळ लिहून ठेवायला मला सांगितलंय.